गिटारच्या नेकला फिनिश कोणते द्यावे?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत गिटारच्या नेकविषयीची, म्हणजे तळव्यात धरायच्या दांडीविषयीची, पत्रे इतकी आहेत की, हे सदर संपूर्णपणे त्या एकाच विषयाला देणे योग्य वाटले. सर्व पत्रे मुंबई आणि आसपासच्या परिसरातून आलेली असल्यामुळे उत्तरे देतानाही इथली दमट हवा, इथली लहान घरे आणि इथल्या दुकानांत मिळणारा माल यांचाच विचार केला आहे. सर्वांत मोठे पत्र आधी घेतले आहे.

प्रश्न : मी हौशी वादक असून माझ्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारसाठी परदेशातून मेपल लाकडाचा नेक मागवला आहे. त्याचा फ्रेटबोर्डही (धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसवलेली पुढची बाजू) मेपलचाच आहे आणि त्यावर कोणतेही फिनिश दिलेले नाही. मित्र नायट्रो लॅकरचा आग्रह धरतात, घरातील कपाटांना पॉलिश करणारे कारागीर ‘मेलामाइन मारून देतो’ म्हणतात, तर काही जाणकार तेल चोळून मोकळे व्हायला सांगतात. मुंबईत राहणाऱ्याने यातील काय निवडावे?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : या तिन्ही सल्ल्यांपैकी एकही सरसकट चुकीचा नाही, मात्र प्रत्येक सल्ला वेगळ्या हाताला आणि वेगळ्या हवेला लागू पडतो. म्हणून कोणताही डबा विकत घेण्यापूर्वी आपण आपल्या सध्याच्या गिटारच्या तारा पाहाव्यात. नव्या तारा चढवल्यानंतर दहा-पंधरा दिवसांतच त्या काळवंडत असतील आणि बोटांना खरखरीत लागत असतील, तर आपला घाम तिखट आहे असे समजावे. अशा हाताला लाकडावर सलग पापुद्रा धरणारे फिनिशच हवे. त्याच तारा दोन-दोन महिने उजळ राहत असतील, तर तेलाचा विचार करण्यास हरकत नाही. जाहिरातींतील तुलनात्मक तक्त्यांपेक्षा ही साधी पाहणी मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण वादकाचा तळवा वाजवताना सर्वांत जास्त वेळ घासतो तो नेकच्याच पाठीवर.

मेपलचा नेक उघडा ठेवता येत नाही, याची दोन कारणे आहेत. पहिले डोळ्यांना दिसणारे आहे. मेपल हे फिकट रंगाचे, बारीक छिद्रांचे लाकूड असून त्यात घाम आणि मळ एकदा मुरला की तो पुसून निघत नाही. फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील मेपल फ्रेटबोर्डच्या, भरपूर वाजवलेल्या गिटारी पाहिल्यास, जिथे बोटे अधिक पडली तिथले लॅकर झिजून खालचे लाकूड राखाडी-काळे झालेले दिसते. संग्राहकांना त्याचे कौतुक असते, पण नव्याकोऱ्या नेकची ती अवस्था पहिल्याच पावसाळ्यात होऊ देण्यात काही शहाणपण नाही. दुसरे कारण दिसत नसले तरी अधिक महत्त्वाचे आहे. लाकूड हवेतील बाष्प सतत शोषत आणि सोडत असते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि हिवाळ्यातील दुपारी ती बरीच खाली उतरते. या चढउताराबरोबर नेक किंचित फुगतो, आक्रसतो, त्याचा बाक बदलतो आणि तारांची उंची बिघडते. कोणतेही फिनिश ही देवघेव पूर्णपणे थांबवत नाही, ते तिचा वेग तेवढा कमी करते. लॅकर आणि पॉलियुरेथेन यांसारखी पापुद्रा धरणारी फिनिशे हे काम बऱ्यापैकी करतात, लाकडात मुरणारे तेल फारच थोडे करते. तयार नेक विकणारे काही उत्पादक याच कारणाने मेपलवर नुसते तेल लावल्यास नेक न वाकण्याची हमी देत नाहीत. आपल्या नेकबरोबर आलेल्या कागदांत अशी अट आहे का, हे आधी वाचून घ्यावे.

आता मित्रांच्या आग्रहाविषयी. नायट्रोसेल्युलोज लॅकर केवळ द्रावक उडून गेल्याने वाळते, त्यामुळे त्याचा नवा हात, म्हणजे नवा थर, खालच्या हाताला थोडा विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो आणि पुढे कधी खरचटले तर तेवढ्याच जागी दुरुस्ती करता येते. हा त्याचा मोठा गुण आहे, आणि तळव्यालाही ते छान लागते. परंतु द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि पापुद्रा दुधाळ होतो. सावकाश उडणारे रिटार्डर थिनर मिसळून हा दोष कमी करता येतो; तरीही जून ते सप्टेंबर या काळात मुंबईत नायट्रोचे काम काढू नये, असेच मी सांगेन. शिवाय ते फवारून लावायचे असते, त्याची वाफ झटकन पेट घेते, आणि ते पूर्ण कडक होण्यास तीन-चार आठवडे लागतात. वन रूम किचनमध्ये, पलीकडे गॅस पेटलेला असताना, हे काम करणे म्हणजे संकटाला आमंत्रण आहे. ज्यांना गच्ची वापरता येते आणि हिवाळ्यापर्यंत थांबण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनीच नायट्रोच्या वाटेला जावे.

कारागिरांचे मेलामाइन टाकाऊ नाही. ते दोन घटकांच्या रासायनिक क्रियेने कडक होते, घाम आणि पाणी यांना चांगले तोंड देते, आणि मुंबईतील पॉलिशवाल्यांचा त्यावर हात बसलेला असतो. अडचण त्यांच्या सवयीची आहे. कपाटाच्या दारावर ते आधी सीलरचे थरावर थर चढवतात, कारण तिथे सपाट, भरलेला पृष्ठभाग हवा असतो. हीच रीत नेकवर वापरली, तर मऊ सीलरवर ठिसूळ पापुद्रा बसतो आणि फ्रेटच्या कडेला तो लवकर तडकतो. काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचे असेल, तर मेलामाइनऐवजी मॅट पीयू (पॉलियुरेथेन) मागावे आणि सीलरचा एकच पातळ हात, त्यावर पीयूचे दोन पातळ हात, लांबी (पुट्टी) किंवा रंग मुळीच नको, असे समोर उभे राहून सांगावे. दोन घटकांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासावाटे आत गेल्यास दमा जडू शकतो, आणि तोंडाला रुमाल बांधून त्यापासून संरक्षण होत नाही. तेव्हा ते फवारण्याचे काम त्यांच्या कारखान्यातच होऊ द्यावे, त्यांना घरी बोलावून करून घेऊ नये.

तेलाविषयी मात्र पुष्कळ गोंधळ आहे. जवसाचे तेल आणि टंग झाडाच्या बियांचे तेल ही ‘वाळणारी’ तेले होत. हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून ती घट्ट होतात. म्युझिक मॅन या अमेरिकी कंपनीच्या अनेक गिटारींचे नेक बंदुकीच्या दस्त्याला लावण्याच्या तेलाने आणि मेणाने घोटलेले असतात, आणि अशा नेकवर हात विलक्षण मोकळा फिरतो, हे मान्य करायला हवे. त्या मोकळेपणाची किंमत देखभालीच्या रूपाने चुकवावी लागते. घामाने नेक हळूहळू काळपट होतो, तो मधूनमधून साफ करून त्याला पुन्हा तेल आणि मेण द्यावे लागते, आणि ज्यांच्या तारा पंधरवड्यात काळवंडतात त्यांच्या बाबतीत ही पाळी फार लवकर येते. खाण्याचे कच्चे जवसाचे तेल या कामासाठी आणू नये, कारण ते आठवडेच्या आठवडे चिकट राहते. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ म्हणून मिळते त्यात ते लवकर सुकवणारी द्रव्ये मिसळलेली असतात, ते घ्यावे.

एका नेकपुरते काम घरीच करू इच्छिणाऱ्या मुंबईकराला मी स्वतः चौथा मार्ग सुचवतो. एकाच डब्यात येणारे, तेलावर आधारलेले सॅटिन पॉलियुरेथेन व्हार्निश घ्यावे, ते मिनरल टर्पेंटाइन घालून पातळ करावे आणि सुती फडक्याने पुसून लावावे. दोन भाग व्हार्निशला एक भाग टर्पेंटाइन हे प्रमाण चांगले पडते. यात फवारा नाही, कॉम्प्रेसर नाही, आणि थर इतका पातळ बसतो की चुकला तरी तो सँडपेपर मारून काढता येतो. घरात वासाचा फारच त्रास होत असेल, तर पाण्यावर आधारलेले पीयू वापरता येते. ते रंगाने निरभ्र राहते, मेपलला पिवळसर उबदार छटा देत नाही, आणि दमट हवेत त्याच्या वाळण्याचाही भरवसा कमी असतो.

कामाची तयारी नीट केली, तर पुढचे काम सोपे जाते. नेकच्या टाचेला (गिटारला जोडायच्या टोकाला) असलेल्या स्क्रूच्या भोकांतून एक लाकडी पट्टी कसून घ्यावी, म्हणजे नेकला हात न लावता तो धरता येतो आणि वाळत घालण्यासाठी टांगताही येतो. ट्यूनरच्या (तारा पिळायच्या खुंट्यांच्या) भोकांत कागदाच्या सुरळ्या घालाव्यात आणि नटच्या (वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेवर चिकटपट्टी लावावी. नेकच्या पाठीला १८०, २४० आणि ३२० नंबरचा पेपर क्रमाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच मारावा. फ्रेटबोर्डवर फ्रेटच्या मधल्या जागेत ३२० चा हलका हात पुरतो. त्यानंतर किंचित ओलसर फडके सर्वत्र फिरवावे. वाळल्यावर लाकडाचे बारीक तंतू उभे राहिलेले बोटांना जाणवतील, तेवढेच ३२० ने अलगद खाली बसवावेत. हा टप्पा गाळल्यास पहिल्याच हातानंतर नेक खरखरीत लागतो आणि दोष व्हार्निशला दिला जातो.

फडके व्हार्निशमध्ये बुडवून काढू नये, त्याच्या घडीवर थोडे घेऊन टाचेपासून हेडस्टॉकपर्यंत (खुंट्या असलेल्या टोकापर्यंत) एका दमात ओढावे. हेडस्टॉकच्या कडांवर लाकडाचे आडवे टोक उघडे असल्याने तिथे ते अधिक शोषले जाते, आणि त्याच कडांखाली थेंबही लोंबतात. दहा मिनिटांनी तिकडे पुन्हा एकदा पाहावे. दुसऱ्या दिवशी ४०० नंबरचा पेपर हलकेच फिरवल्यावर पांढरी, कोरडी भुकटी पडली तर पुढचा हात द्यावा. पेपरवर गोळ्या जमू लागल्या तर खालचा हात अजून कच्चा आहे. त्या दिवशी काम तिथेच थांबवावे. पाठीला पाच-सहा हात पुरेसे होतात. टाचेला मात्र एक-दोनच द्यावेत, नाहीतर ती गिटारच्या खाचेत बसताना कडा तडकवते. फ्रेटबोर्डवर व्हार्निश फ्रेटवरूनच पुसून न्यावे आणि सगळे वाळल्यानंतर फ्रेटच्या माथ्यावरचा पापुद्रा ब्लेडने खरवडून काढावा. फ्रेटच्या दोन्ही बाजूंना तो तसाच राहू द्यावा. शेवटच्या हातानंतर किमान दोन आठवडे नेक मोकळ्या हवेत टांगून ठेवावा. हाताला वाळल्यासारखे लागणे आणि आतून कडक होणे यांत पुष्कळ अंतर असते.

जुन्या गिटारींसारखी पिवळसर छटा हवी असेल, तर व्हार्निशखाली लाखेचा एक पातळ हात देता येतो. बाजारात मिळणाऱ्या चपड्यात (लाखेच्या पातळ पापड्यांत) सुमारे ५ टक्के नैसर्गिक मेण असते आणि त्या मेणावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. म्हणून चपडा स्पिरिटमध्ये विरघळवल्यावर बाटली काही दिवस न हलवता ठेवावी. मेण गढूळ होऊन तळाशी बसते आणि वर पारदर्शक, सोनेरी द्रव राहतो. तो वरचा द्रवच हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यावा.

एक सूचना टाळता येण्यासारखी नाही. जवसाच्या तेलाची किंवा तेलयुक्त व्हार्निशची फडकी बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, बोळ्याच्या आत ती कोंडते आणि फडके काडी न लावताही पेटते. फडकी सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून मग टाकावीत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ते तासभर स्वयंपाकघरातील गॅस बंद ठेवावा.

प्रश्न : माझ्या गिटारचा नेक चकचकीत आहे. एरवी काही वाटत नाही, पण पावसाळ्यात लोकलच्या गर्दीतून क्लासला पोहोचल्यावर तळवा त्याला अक्षरशः चिकटतो आणि खालून वर सरकताना हात अडखळतो. सगळे फिनिश काढून टाकावे का?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : फिनिश मुळीच काढू नये. चकचकीत आणि सॅटिन यांतील फरक बहुधा वरच्या पृष्ठभागापुरताच असतो. गुळगुळीत पृष्ठभागावर घामाचा पातळ थर पसरतो आणि कातडीचा जवळजवळ सगळा भाग त्याला टेकतो. पृष्ठभागावर बारीक ओरखडे असले की टेकणारा भाग कमी होतो आणि हात सुटा राहतो. तेव्हा आपल्याला फक्त चकाकी घालवायची आहे.

आधी नेक ओलसर फडक्याने आणि नंतर कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून पाहावा, कारण चिकटपणाचे अर्धे कारण अनेकदा साठलेला मळ हेच असते. फरक पडला नाही, तर भांडी घासण्याच्या हिरव्या पॅडला हात न लावता, रंगकामासाठी मिळणारे अतिबारीक करडे पॅड किंवा १५०० नंबरचा वॉटर पेपर घ्यावा. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरच्या दुकानांत दोन्ही मिळू शकतात. नेकच्या लांबीच्या दिशेने, सारखा दाब ठेवून, पहिल्या फ्रेटपासून टाचेच्या थोडे अलीकडेपर्यंत आठ-दहा वेळा फिरवावे, पुसावे आणि वाजवून पाहावे. कडांवर दाब देऊ नये, कारण तिथले फिनिश सर्वांत पातळ असते. अनेक जण यासाठी स्टील वूल सुचवतात. त्याचा लोखंडी भुगा तारांचे कंपन टिपणाऱ्या पिकअपच्या चुंबकांना जाऊन चिकटतो आणि तिथून तो निघता निघत नाही, म्हणून इलेक्ट्रिक गिटारवर ते टाळलेलेच बरे. वाजवता वाजवता काही महिन्यांत तळव्याच्याच घर्षणाने चकाकी परत येऊ लागते. तेव्हा हेच पुन्हा करावे, पण दरवेळी थोडे फिनिश कमी होत असते, याचे भान ठेवावे. गिटार जुनी आणि मौल्यवान असेल, तर पॅड बाजूला ठेवून बरोबर एक नॅपकिन न्यावा.

प्रश्न : मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला लाखेचे पॉलिश असते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मग गिटारच्या नेकसाठी आपण परदेशी रसायनांच्या मागे का लागतो?
— एक सतारवादक, दादर

उत्तर : आपला मुद्दा मला मनापासून पटतो, पण अर्धाच. लाख ही कुसुम, पळस, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळते. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाभोवती मलमल गुंडाळलेल्या पुरचुंडीने घोटून घोटून चढवली की जो पातळ, खोल झळाळीचा थर तयार होतो, त्याची बरोबरी फवारलेल्या प्लास्टिकला येत नाही. हवेतील बाष्प रोखण्याच्या बाबतीतही लाख पुष्कळ नव्या फिनिशांहून सरस आहे. स्पॅनिश पद्धतीच्या क्लासिकल गिटारींना अनेक कारागीर आजही हेच पॉलिश देतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्या परंपरेचा अभिमान बाळगणे योग्यच आहे.

तरीही सतारीची दांडी आणि गिटारचा नेक यांना पडणारा त्रास सारखा नाही. सतारीवर बोटे दांडीपासून उंच असलेल्या पडद्यांवर फिरतात आणि दांडीच्या पाठीवर मुख्यतः अंगठा टेकतो. तंबोऱ्याच्या दांडीवर तर बोटे चालतच नाहीत. गिटार वाजवताना मात्र संपूर्ण तळवा नेकला विळखा घालतो, आणि उभ्याने, दिव्यांच्या झोतात वाजवणाऱ्याचा घाम तास-दोन तास त्यावर राहतो. ऊब, घाम आणि अल्कोहोल या तिन्ही गोष्टी लाखेला मानवत नाहीत. हाताला सॅनिटायझर लावून लगेच गिटार उचलली, तर बोटांचे ठसे पॉलिशवर कायमचे उमटू शकतात.

म्हणून घरी बसून, कोरड्या हाताने क्लासिकल गिटार वाजवणाऱ्याने लाख अवश्य निवडावी. एक लिटर स्पिरिटला १२० ग्रॅमच्या आसपास चपडा घेतल्यास घोटण्याजोगे पातळ द्रावण मिळते. ते लागेल तेवढेच करावे. सहा महिन्यांहून जुने द्रावण नीट वाळत नाही आणि चिकट राहते. भर पावसात घोटायला बसू नये, कारण लाखेवरही ओलीने पांढुरकी साय धरते. स्टेजवर वाजवणाऱ्याला मी लाख सुचवणार नाही.

प्रश्न : वडील चर्चच्या गायकवृंदात वाजवत असत ती अकूस्टिक गिटार अनेक वर्षे रेक्झिनच्या कव्हरमध्ये होती. आता बाहेर काढली, तर नेकच्या पाठीवर काही ठिकाणी फिनिश मऊ पडून बोटाला चिकटते आणि त्यावर कापडाच्या विणीसारखे ठसे आहेत. पूर्ण नेक घासून नव्याने पॉलिश करावे का?
— एक वाचक, वसई

उत्तर : वर्णनावरून ते नायट्रोसेल्युलोज लॅकर असण्याची शक्यता मोठी आहे. रेक्झिन मऊ राहावे म्हणून त्यात जी तेलकट द्रव्ये घातलेली असतात, ती सततच्या स्पर्शाने लॅकरमध्ये शिरतात आणि ते मऊ करतात. गिटारच्या स्टँडवरील स्वस्त रबरानेही हेच होते, त्यामुळे ती गिटार यापुढे तशा स्टँडवर ठेवू नये.

आधी खात्री करून घ्यावी. ट्यूनरच्या पट्टीखाली झाकलेल्या जागी, कानात घालायच्या कापसाच्या काडीवर स्पिरिटचा थेंब घेऊन टेकवावा. काही सेकंदांत फिनिश चिकट झाले, तर ती लाख आहे. स्पिरिटने काही झाले नाही आणि लॅकर थिनरने ते विरघळू लागले, तर ते नायट्रो आहे. दोन्हींनी ढिम्म हलले नाही, तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन समजावे. थिनर नेकच्या कडेच्या प्लास्टिक पट्टीला लागू देऊ नये, ती पट्टीच विरघळते.

नायट्रो निघाल्यास घाई करू नये. नव्या फिनिशला जुन्याची किंमत येत नाही, आणि वडिलांच्या हाताने झिजलेला भाग एकदा घासला की गेला. गिटार कव्हरबाहेर, सावलीत, हवेशीर जागी महिना-दोन महिने टांगून ठेवावी. शिरलेले द्रव्य थोडेफार उडून पृष्ठभाग पुन्हा घट्ट होतो, असे पुष्कळदा आढळते. वरचा चिकट मळ लायटरमध्ये भरायच्या नॅफ्थाने फडके ओलसर करून पुसता येतो, त्याने वाळलेले नायट्रो सहसा विरघळत नाही. ज्वाला जवळ नसावी, हे सांगणे नकोच. एवढे करूनही काही जागा मऊच राहिल्या, तर तेवढ्याच जागांवरचे लॅकर काढून तिथे नवे नायट्रो चढवणारा अनुभवी दुरुस्तीकार शोधावा. नायट्रोचे थर एकजीव होत असल्यामुळे सांधा दिसू न देता हे करता येते. संपूर्ण नेकला पीयू मारून देण्याची तयारी दाखवणाऱ्याकडून गिटार परत घ्यावी.

प्रश्न : रोजवूडचा फ्रेटबोर्ड कोरडा दिसतो. खोबरेल तेल चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चालणार नाही. खोबरेल तेल वाळणारे तेल नाही. ते लाकडावर तसेच राहते, धूळ धरते आणि पुढे त्याला खवट वास येतो. शेंगदाण्याचे आणि तिळाचे तेलही या कामाचे नाही. रोजवूड, म्हणजे आपले शिसवी, मुळातच तेलकट लाकूड असल्यामुळे त्याला मेपलसारखे फिनिश सहसा देत नाहीत. तारा बदलताना फ्रेटबोर्ड कोरड्या फडक्याने साफ करावा आणि वर्षातून एक-दोनदा वासरहित मिनरल ऑइलचे चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन चोळावेत, पाच मिनिटांनी सगळे पुसून टाकावे. ‘लेमन ऑइल’ नावाने मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत मुख्यतः तेच असते.

प्रश्न : नेकच्या फिनिशमुळे आवाज बदलतो, असे गिटार शिकवणारे सर सांगतात. हे खरे आहे का?
— एक विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : अकूस्टिक गिटारच्या वरच्या फळीवर जाड फिनिश चढवले, तर फळीचे कंपन दबते आणि आवाजात फरक पडतो; सरांचा रोख तिकडे असावा. नेकवरील पातळ पापुद्र्याने आवाजात पडणारा फरक मला तरी कधी ऐकू आलेला नाही. ज्या नेकवर हात मोकळा फिरतो त्यावर आपण अधिक चांगले वाजवतो, आणि ऐकणाऱ्याला गिटारच चांगली वाटू लागते, हे मात्र शक्य आहे.

प्रश्न : ‘रोस्टेड मेपल’चा नेक घेतला आहे. विक्रेता म्हणतो की, याला फिनिशची गरजच नाही. विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : बऱ्याच अंशी ठेवावा. हे लाकूड ऑक्सिजन कमी असलेल्या भट्टीत उच्च तापमानाला तापवलेले असते. त्यामुळे ते तपकिरी होते, बाष्प पूर्वीपेक्षा कमी शोषते आणि ऋतुमानानुसार कमी हलते. इथे तेल आणि मेण यांचे पातळ फिनिश निर्धास्तपणे देता येईल. काहीच न लावल्यास वाकण्याचा धोका कमी असला, तरी घामाचे डाग पडायचे ते पडतीलच. तापवल्यामुळे हे लाकूड थोडे ठिसूळही झालेले असते. ट्यूनरचे स्क्रू थेट पिळल्यास हेडस्टॉकला चीर जाऊ शकते, म्हणून आधी योग्य मापाचे भोक पाडून घ्यावे आणि स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचे मेण चोळून मगच ते बसवावेत.